आतून आलेला अंगठा

“काय कळलं ते सांगा.”

सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसून सिद्रामप्पा हे वाक्य दिवसातून वीसदा तरी म्हणत. समोर कोणी बाई उकिडवी बसलेली असे, हातात कोर्टाचा कागद. सिद्रामप्पा तो आधी मनात वाचत, मग मोठ्यानं वाचत, मग पुन्हा एकदा सावकाश, एकेक ओळ बोटाखाली धरून. बाई मान हलवी. पण नुसत्या मान हलवण्यावर या माणसाचं कधी समाधान झालं नाही. “मान तर बैल बी हलवतोय. काय कळलं ते सांगा, अव्वा.” मग ती बिचारी अडखळत सांगे, की दीर जमिनीतला वाटा नाही म्हणतोय, नाहीतर नवरा नांदायला ये म्हणतोय. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आवारातले अर्ज लिहिणारे सिद्रामप्पांवर खार खाऊन असत, कारण त्यांनी समजावून दिलेली बाई सहसा कोणाच्या थापांना भुलत नसे.

मी त्याच कोर्टात नाझराच्या कचेरीत कारकून होतो. कोर्टाचे कागद ज्याच्या हुकमानं घरोघरी जातात तो नाझर, आणि ते कागद पायपीट करून पोचवणारे ते बेलीफ. सिद्रामप्पा आमचे सगळ्यात जुने बेलीफ. कडुलिंबाखाली बसायची वेळ त्यांच्यावर आली ती नोकरी गेल्यावर. सव्वीस वर्षं चाकरी झाली होती, पेन्शन तीन वर्षांवर आलं होतं, आणि त्यांना काढून टाकलं. ज्या कागदापायी काढलं त्यावरचं अक्षर माझं होतं. हे मी आजवर कोणाला लिहून दिलेलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

माणूस उंच, काटक, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, डोक्याला लाल पागोटं आणि कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा. तरुणपणी गिरणीत असताना उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली होती. मोडी वाचायला पटाईत, पण लिहिणं म्हणाल तर फक्त सही. तीही उरलेल्या तीन बोटांत टाक धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, पोरांनी पाटीवर गिरवावी तशी. त्यामुळे बेलफानं कागदाच्या मागं जो शेरा लिहायचा असतो, म्हणजे कागद कोणाला दिला, कसा दिला, तो त्यांच्यासाठी मीच लिही.

त्यांचे नियम फार. दारापुढं वहाणा काढायच्या, तीनदा खोकायचं, मग हाक मारायची. कोर्टाचा कागद म्हटलं की लोक हात मागे घेत. त्यांना ते सांगत, “कागद हाय, साप न्हाय. घ्या.” आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे ज्या घरी कागद दिला त्या घरचं पाणी प्यायचं नाही. “पानी पिलं की मानूस वळखीचा हुतो. मंग तो म्हनतो उद्या या, अन् आपुन उद्या जातो.” एकदा वैशाखात माढ्याकडच्या एका गावी ते कागद देऊन निघाले आणि वेशीजवळ भोवळ येऊन पडले. गावकऱ्यांनी उचलून विहिरीवर नेलं. शुद्धीवर आल्यावर या गृहस्थांचा पहिला प्रश्न, “ही हीर कुनाची?” गावची, असं कळल्यावर म्हणाले, “मंग चालतंय,” आणि घागरभर पाणी प्यायले. ही गोष्ट कचेरीत आम्ही वर्षभर पुरवून पुरवून सांगितली.

आणखी एक अभिमान त्यांना होता. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाचा कागद वाचला नव्हता. नाव, गाव आणि तारीख बघायची, बस्स. “टपालवाला कदी पाकीट फोडतोय व्हय? आमी पोचवनार. आत काय हाय ते घेनाऱ्यानं बघावं.” मला ते फार शहाणपणाचं वाटे. मी तरी हजारो कागद नुसते लिहिलेच होते.

बाईमाणसाच्या नावाचा कागद असला की रीत वेगळी. बेलफानं ओसरीवर थांबायचं. घरातला कर्ता पुरुष कागद आणि शाईचं पॅड घेऊन आत जायचा. जरा वेळानं कागद बाहेर यायचा, त्यावर ओला अंगठा. परक्याच्या बायकोला बाहेर बोलवा म्हणणं कोणालाच बरं दिसत नसे, सिद्रामप्पांना तर नाहीच. अंगठा आतून आला की कागद बजावला. आणि मागं मी शेरा लिही: ‘प्रतिवादी बाईस समक्ष बजावले, निशाणी अंगठा घेतला.’ खरं सांगायचं तर मी तो बहुतेक वेळा सकाळीच लिहून ठेवी. संध्याकाळी सगळे बेलीफ एकदम परत येत, गर्दी होई. तेव्हा सकाळच्या मोकळ्या वेळात दहा-वीस कागदांचे शेरे आधीच लिहून टाकायचे, बेलफानं आल्यावर तारीख घालून सही करायची. नाझरसाहेबांना माझी ही तयारी फार आवडे.

सन तीस साली शहरात मार्शल लॉ लागला त्याच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. त्या काळी आमच्या जिल्ह्यात कोर्टातून घटस्फोट मागणारा असे तो ख्रिस्ती माणूसच. खेड्यापाड्यांत पंचांपुढे काडीमोड होई, आणि आमच्यासारख्यांच्या घरात काहीच होत नसे, बाईनं जन्मभर सोसायचं एवढंच. तर शमुवेल नावाच्या एका गिरणीतल्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, अर्ज केला की बायको मार्था वाईट चालीची आहे, सबब घटस्फोट मिळावा आणि चार वर्षांची मुलगी सलोमी आपल्या ताब्यात मिळावी. बायकोचा पत्ता दिला होता मोडनिंबचा, त्याचा थोरला भाऊ लाजरस याच्या घरचा. सकाळी मी शेरा लिहून कागद सिद्रामप्पांच्या हाती दिला. कुर्डूवाडीला गाडी बदलून छोट्या गाडीनं ते मोडनिंबला गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. अंगठा आतून आला होता. त्यांनी सही केली, मी कागद पुडक्यात बांधला.

तारखेला बाई हजर झाली नाही. नवऱ्यानं शपथेवर सांगितलं ते जज्जसाहेबांनी लिहून घेतलं आणि एकतर्फी निकाल दिला. जिल्हा कोर्टाचा असा निकाल सहा महिन्यांनी मुंबईच्या हायकोर्टानं कायम करायचा असतो. तो एकदा कायम झाला की काळ्या दगडावरची रेघ.

चार महिने झाले असतील. दुपारी पांढऱ्या पातळातली एक बाई कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. बार्शीहून आलेय म्हणाली, दीड वर्षापासून तिथल्या दवाखान्यात नर्सचं काम शिकते आहे. मुलीला सासरी ठेवलं होतं, सुट्टीत तिला भेटायला मोडनिंबला गेली तर दिरानं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. कोर्टानं तुझा घटस्फोट केला आहे, पोरगी आता बापाची, असं त्यानं सांगितलं. तिला वाटलं थट्टा करतोय. तेव्हा आतून जाऊबाई म्हणाली, तूच तर कागदावर अंगठा दिलास.

“मला माझा अंगठा बघायचा आहे,” ती म्हणाली.

मी पुडकं सोडून कागद समोर ठेवला. तिनं तो उलटा केला, अंगठ्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्या टेबलावरचा टाक उचलून शेजारच्या कोऱ्या चिटोऱ्यावर आपलं नाव लिहिलं. असं वळणदार अक्षर आमच्या कचेरीत कोणाचंच नव्हतं.

“मी व्हर्नाक्युलर फायनल पास आहे,” ती म्हणाली. “मी जन्मात कुठं अंगठा दिलेला नाही.”

एवढा वेळ दाराजवळच्या बाकावर सिद्रामप्पा कागदांची वाट बघत बसले होते. ते उठून पुढे आले.

“अव्वा, तुमी मोडनिंबच्या मार्थाबाई?”

“हो.”

“म्या तुमाला कदी बघितलंच न्हाय.”

“मी पण तुम्हाला आजच बघते आहे.”

ते तिच्याकडे बघतच राहिले. कागदावर या दोघांची चार महिन्यांपूर्वी समोरासमोर गाठ पडली होती, माझ्या अक्षरात तसं लिहिलेलं होतं. सिद्रामप्पांचा चेहरा भस्मासारखा पांढरा पडला. मला वाटलं ते तिची क्षमा मागतील. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “भाऊसाहेब, आजपातुर आतनं किती अंगठे आले आसतील वो?” त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि घरी जाताना बिल्ल्याचा पट्टा काढून पिशवीत घालून गेले.

हायकोर्टाला निकाल कायम करण्यापासून थांबवायचं तर कागद बाईला मिळालाच नव्हता हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस एकच. नाझरसाहेबांनी सिद्रामप्पांना आत बोलावलं. मी तिथेच होतो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाट काढून दिली: पदर घेतलेली एक बाई दारात आली, तिनं मीच मार्था म्हणून सांगितलं, मी फसलो, एवढं म्हणा. नोकरीला धक्का लागणार नाही.

“अशी बाई आलीच न्हवती, सायेब.”

“अहो, अंगठा कुणीतरी दिलाच ना?”

“दिला आसंल. पर ती बाई म्या बघितली म्हनलं, तर अजून एक बाई न बघता बघितली म्हनल्यावानी हुईल की.”

नाझरसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. बाहेर आल्यावर मी सिद्रामप्पांना सांगितलं, “अप्पा, तीन वर्षं राहिलीत. घरी गौरव्वा आहेत.” गौरव्वा त्यांची बायको. मला दोघांची काळजी होती हे खरं. पण हे प्रकरण ‘मी फसलो’ एवढ्यावर मिटलं तर शेरा कोणी आणि कधी लिहिला हा प्रश्नच निघणार नाही, हेही माझ्या मनात होतं. ते मला तेव्हाच ठाऊक होतं, आज सुचलेलं नाही.

जबानीच्या दिवशी कोर्टाची खोली भरली होती. एका बाजूला मार्थाबाई, दुसऱ्या बाजूला शमुवेल आणि लाजरस. मी जज्जसाहेबांच्या टेबलाखालच्या पायरीवर कागदांचं पुडकं धरून उभा.

“तुम्ही या बाईला मोडनिंबला पाहिलं?” जज्जसाहेबांनी विचारलं.

“न्हाय, सायेब. म्या वसरीवर व्हतो. अंगठा आतनं आला.”

“मग इथं समक्ष बजावले असं लिहिलं आहे, ते?”

“सही माझी हाय.”

“लिहिलं कोणी?”

मी त्यांच्यापासून तीन हातांवर होतो. सिद्रामप्पांनी माझ्याकडे मान वळवून बघितलंही नाही. “लिवलं कुनी का आसंना, सायेब. सही माझी हाय.” जज्जसाहेबांनी एकदा कागद पाहिला, एकदा माझ्या हातातल्या पुडक्यावरचं अक्षर पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला. मी बोललो नाही. बोलायला एक क्षण मिळाला होता, चांगला मोठा क्षण होता, आणि मी तो पुडक्याची दोरी घट्ट करण्यात घालवला.

निकाल रद्द झाला. पुन्हा पहिल्यापासून सुनावणी करायची आणि बाईला कागद खरोखर हातात द्यायचा, असा हुकूम आला. सिद्रामप्पांची चौकशी अजून चालू होती. हा कागद मीच नेणार म्हणून ते अडून बसले. जज्जसाहेब म्हणाले, न्या, पण सोबत कारकून जाऊ द्या. म्हणजे बेलफावर नजर ठेवायला मला पाठवलं. दैवाला विनोद कळतो की नाही कोण जाणे, मला त्या दिवशी तो कळला.

बार्शीच्या दवाखान्यामागच्या पडवीत मार्थाबाई पट्ट्या धुऊन वाळत घालत होत्या. आसपास दोन-तीन नर्सबाया, रोग्यांची नातेवाईक मंडळी. सिद्रामप्पांनी वहाणा काढल्या, तीनदा खोकले.

“अव्वा, तुमी मार्थाबाईच न्हवं?”

“हो. तुम्हाला माहीत आहे की.”

“माहीत हाय. तरी बी तुमच्या तोंडनं ऐकायचंय.”

बाईंनी नाव सांगितलं. सिद्रामप्पांनी कागद पुढे केला. मार्थाबाईंनी पदराला हात पुसले, पण कागद घेतला नाही.

“मोठ्यानं वाचा,” मार्थाबाई म्हणाल्या.

“तुमाला वाचता येतंय की, अव्वा.”

“येतं. पण हे कोर्टात सगळ्यांपुढं वाचलं गेलं. ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनीसुद्धा ऐकलं, मी एकटीच तेव्हा तिथं नव्हते. आता माझ्यापुढं वाचा.”

सव्वीस वर्षांत ज्यांनी परक्याचा कागद वाचला नव्हता त्या सिद्रामप्पांनी तो उघडला आणि वाचायला लागले. पहिली नावं-गावं सरळ गेली. मग आलं, ‘सदर बाई वाईट चालीची असून कोणा इसमाशी, ज्याचे नाव अर्जदारास माहीत नाही…’ आणि त्यांचा आवाज अडकला. पडवीतल्या बाया काम सोडून बघत होत्या. मी हा मजकूर स्वतःच्या हातानं नकलून काढला होता, एकदा नव्हे, दोनदा. नकलताना मला त्यात काही दिसलं नव्हतं. आता त्यांच्यासमोर तो ऐकताना एकेक शब्द दिसत होता.

“थांबू नका,” मार्थाबाई म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, “नाव तरी शोधायचं होतं त्यांनी.”

सिद्रामप्पांनी पुढे वाचलं. मुलीचं नाव आलं तेव्हा मार्थाबाईंनी पडवीचा खांब धरला. सगळं संपल्यावर त्यांनी कागद घेतला, दुसऱ्या प्रतीवर सुरेख सही केली. सिद्रामप्पा तिथेच उभे. कागद पोचला की पाठ फिरवणारा हा माणूस, आज हलेना.

“काय कळलं, अव्वा?” त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. आत काय लिहिलेलं असतं ते त्यांनाही त्या दिवशी प्रथमच कळलं होतं, आणि माणसाला ऐकून काय होतं ते त्यांना बघायचं होतं असं मला वाटतं.

“तारखेला मला कोर्टात यायचं आहे आणि माझी मुलगी मागायची आहे. एवढं कळलं,” त्या म्हणाल्या. ऊन कडक होतं. एका नर्सबाईनं पाणी आणलं. सिद्रामप्पांनी हात जोडले आणि नको म्हणाले. त्यांच्यामुळे मीही तहानलेलाच परत आलो.

मार्थाबाई तारखेला आल्या. लाजरसच्या बायकोला जज्जसाहेबांनी अंगठा उठवायला लावला आणि तो जुन्या कागदावरच्या अंगठ्याशी जुळला. शमुवेलचा अर्ज निकाली निघाला, म्हणजे फेटाळला. बाई काही त्याच्याकडे नांदायला गेल्या नाहीत, पण सलोमीला घेऊन बार्शीला गेल्या. पुढं दर नाताळात मायलेकी सिद्रामप्पांच्या घरी करंज्या घेऊन येत.

चौकशीचे ते सहा-सात महिने सिद्रामप्पांनी कचेरीला जेरीस आणलं. बाईचा कागद बाईच्याच हातात, आणि वाचून दाखवल्याशिवाय द्यायचा नाही. जिथं दिवसाला दहा कागद जात तिथं तीन जाऊ लागले. लोक तक्रारी घेऊन येत, तुमचा बेलीफ आमच्या बायकांना बाहेर बोलावतो. साखर पेठेतला एक व्यापारी तर हातघाईवर आला. त्याला सिद्रामप्पा म्हणाले, “शेटजी, नुसता अंगठा नको. अंगठ्यामागची बाई बी भाईर येऊ द्या.” शेवटी बाई आली. कागद तिच्या बापाच्या घराबद्दलचा होता आणि तिला त्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं तिच्या नावानं तीन कागद आधीच घेतले होते. मला वाटतं त्या तिन्हींवर माझा शेरा असणार. मी काढून बघितलं नाही.

नोकरी गेल्यावर आठच दिवसांनी ते कडुलिंबाखाली येऊन बसले, ते पुढं अकरा-बारा वर्षं. ते वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोर्टात काही कामाला गेलो होतो. मी तेव्हा पेन्शनीत निघालो होतो, पूर्ण पेन्शनीत. कडुलिंबाखाली दोन बाया कागद घेऊन बसल्या होत्या. अप्पा कुटं हायत, म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. त्या उठेनात. एकीनं कागद माझ्यापुढं धरला. मी खाली बसलो, तो दोनदा वाचून दाखवला. तिनं मान हलवली. पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. तो एकदा त्यांनी मला विचारला होता.

त्यांना काढून टाकल्याचा हुकूम आला त्या दिवशी तो त्यांच्या हातात समक्ष द्यायचा होता. एकही बेलीफ तो न्यायला तयार होईना. जो तो पोट दुखतंय म्हणून सांगू लागला. नाझरसाहेब म्हणाले, “तुम्ही जा.” मी कागद घेऊन मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी गेलो. सिद्रामप्पा दारापुढच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. गौरव्वा उंबऱ्यावर सूप घेऊन. मी वहाणा काढल्या आणि खोकलो.

“तीनदा खोकायचं, भाऊसाहेब,” ते हसून म्हणाले.

मी कागद पुढे केला. त्यांनी घेतला, सवयीनं उलटा केला आणि मागची बाजू बघितली. हसू मावळलं. मागं शेरा लिहिलेला होता: ‘समक्ष दिले.’ सकाळी कचेरीतून निघताना मी तो लिहून टाकला होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“ह्यो बी आधीच लिवून आनलाय व्हय?”

त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. “वाचा. मोठ्यानं.”

“अप्पा, तुम्हाला वाचता येतं.”

“येतंय. पर देनाऱ्यानं वाचायचा.”

मी वाचायला लागलो. शेजारीपाजारी दारांत आले होते. हुकमाची भाषा सगळी माझ्या ओळखीची, वर्षानुवर्षं माझ्याच हाताखालून गेलेली. ‘…प्रतिवादी बाईस न पाहता, समक्ष बजावले असा खोटा शेरा लिहून कोर्टाची फसवणूक केल्याबद्दल…’ इथं माझा आवाज बंद झाला.

“थांबू नका,” सिद्रामप्पा म्हणाले.

मी शेवटपर्यंत वाचलं. गौरव्वांच्या हातातलं सूप तसंच राहिलं होतं.

“काय कळलं ते सांगा.”

“तुम्हाला कामावरून काढलं आहे. पेन्शन मिळणार नाही.”

“ते मला कळलं. तुमाला काय कळलं?”

मी कोर्टात जे बोललो नव्हतो ते त्या कट्ट्यापुढं अनवाणी उभा राहून बोललो. “तो शेरा मी लिहिला होता. तुम्ही मोडनिंबला निघायच्या आधी, सकाळीच.”

सिद्रामप्पांनी मान हलवली. हातावरची फोलपटं झटकली, माझ्याकडून टाक मागून घेतला, तीन बोटांत धरला आणि जिभेचं टोक बाहेर काढून, नेहमीसारखी सावकाश, माझ्या शेऱ्याखाली सही केली.

“आता ह्यो खरा झाला,” म्हणाले.

गौरव्वा आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. त्यांचे डोळे भरले होते, तरी धरला. माझ्या घशाला कोरड पडली होती, पण कागद दिलेलं घर होतं, हात पुढे होईना. मी सिद्रामप्पांकडे बघितलं.

“प्या की,” ते म्हणाले. “तो नियम बेलफाला हाय. तुमी बेलीफ न्हाय.”

मी तांब्या घेतला आणि सगळा संपवला.